माझ्या धुऱ्यावरची पाथरी

यवतमाळच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतो आहे. हे वाक्य मी कळंबच्या रस्त्याला लागल्यावर उच्चारत नाही. आमच्या वावराच्या आसपास मी नुसता 'सर' असतो. कशाचे सर, असं कोणी विचारलंच तर मी स्कूटर सुरू करतो आणि हवामानाबद्दल बोलत बोलत निघून जातो.

याला कारणीभूत आहे सूर्यफुलाच्या कुळातली एक किरकोळ वनस्पती. बारमाही, पिवळ्या फुलाची, जमिनीला अंग टेकून पसरणारी. नाव पाथरी.

आता गंमत पाहा. हे कुळ शिकवण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असं माझं मत होतं. (मत माझंच होतं, त्याला दुसऱ्या कोणाचा दुजोरा नव्हता.) दरवर्षी मी फळ्यावर मोठं सूर्यफूल काढायचो, खडू खाली ठेवायचो आणि म्हणायचो, "तुम्हाला जे एक फूल दिसतं, ते एक फूल नाहीच. ती फुलांची पंगत आहे." मग एक विराम. हा विराम इतका ठरलेला होता की मागच्या बाकावरची पोरं माझ्याबरोबर श्वास रोखायची. पुढे मी सांगायचो, की याच कुळात काही जातींमध्ये सगळीच फुलं कडेच्या जिभल्यांसारखी असतात, देठ मोडला तर पांढरा चीक येतो, उदाहरणार्थ पाथरी. लिहून घ्या.

उदाहरणार्थ पाथरी! सव्वीस वर्षं मी हे लिहून घ्यायला लावलं आणि जिवंत पाथरीकडे एकदाही वाकून पाहिलं नाही. लहानपणी आई तिची भाजी करायची, ती ताटात शिजून आलेली मी पाहिली होती. नंतर शिक्षणासाठी होस्टेलात गेलो, तिथे ती कॉलेजच्या कपाटात जाड कागदावर चिकटवलेली पाहिली. त्यामुळे माझ्या लेखी पाथरी तपकिरी रंगाची, चपटी आणि डांबराच्या गोळीच्या वासाची असते.

वावर आहे चार एकर, कळंबच्या अलीकडे, नाल्याला लागून. वडील गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मी रविवारी जातो, शर्टाच्या बाह्या दुमडतो आणि मजुरांना अडचण होईल अशा जागी उभा राहतो. आमच्या वावराला लागून मावशीचं वावर. मावशी नात्यातली नाही, माझ्या आईच्या बरोबरीची शेजारीण. दोन वावरांच्या मध्ये धुरा. धुरा म्हणजे नांगर जिथे वळतो पण शिरत नाही, अशी हात-दोन हात रुंदीची मातीची वरंबी. तिथे बोराटी असते, गवत असतं, मुंग्यांची वारुळं असतात. कोणी पेरत नाही आणि कोणी खुरपत नाही म्हणून जगाला नको असलेलं सगळं तिथे सुखानं नांदतं.

पण आमच्याकडे माणसाची पत धुऱ्यावरून ठरते. कापसाची पऱ्हाटी कशी आहे ते नंतर पाहतात, आधी धुरा पाहतात. आणि मावशीचा मुलगा, जो स्वतः उत्तम शेती करतो, तो माझा धुरा पाहून दर रविवारी काहीतरी नवीन काढायचा.

"सर, तुमच्या धुऱ्यात वाघीन पिल्लं घालून जाईन तं तुमाले पत्ता नाही लागनार."

"कळंबकडे वाघ कुठे आहे?"

"थेच म्हनतो ना मी. असन बी, दिसनार कसा?"

अशा रीतीनं डिवचला गेलेला मी, डिसेंबरातल्या एका शनिवारी यवतमाळच्या दुकानातून तणनाशकाची बाटली घेऊन आलो. बायकोला सांगितलं नाही. तिचं मत असं, की मी घरात बल्ब बदलायला घेतला तरी आधी शेजाऱ्यांना कळवावं. दुकानदारानं विचारलं, "कशावर मारायचं सर?" मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "गाजरगवतावर."

"थंडीत?"

"शास्त्रीयदृष्ट्या," मी म्हणालो. हा शब्द वापरला की समोरचा पुढे विचारत नाही. दुकानदारानं बाटली गुंडाळून दिली.

आमच्या जिल्ह्यात फवारणीची धास्ती काय आहे ते वेगळं सांगायला नको, तेव्हा दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी बंदोबस्तात कसर ठेवली नाही. मुलाचा जुना रेनकोट, बायकोचा स्कार्फ, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, हातात भांडी घासायचे रबरी मोजे आणि वर हेल्मेट. मावशीचा मुलगा बैलजोडी घेऊन रस्त्यानं चालला होता. त्याचे बैल थांबले.

"सर, आग्यामोहोळ काढाले चालले का?"

"धुरा साफ करतोय."

"करा करा," तो म्हणाला आणि बैलांना समजावत निघून गेला. त्याला वाटलं मी खुरपं घेऊन बसणार. पाठीवरचा पंप रेनकोटाखाली होता आणि मी पाठमोरा नव्हतो, हे माझं दुर्दैव.

धुऱ्यावर जागोजागी जमिनीला चिकटलेली, कातरलेल्या पानांची चक्रं होती. गाजरगवताची कोवळी रोपं! मला स्फुरण चढलं. मी एका चक्राचा फोटो काढला आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'शत्रू बालवयातच ओळखावा.' थोड्या वेळानं एका मुलीचं उत्तर आलं, 'सर, ही पाथरी आहे ना? आमची आई भाजी करते.'

मी एका हाताचा मोजा काढून उत्तर लिहिलं, 'काळजीपूर्वक निरीक्षण करायला शिका.'

आणि फवारलं. रस्त्याच्या टोकापासून सुरुवात केली. एक पंप संपला, विहिरीवर जाऊन दुसरा भरून आणला. नाल्याकडच्या टोकाला पोचता पोचता नोझल तुंबलं. मी काडीनं टोकरलं, हलवलं, पंपावर चापट मारली. थेंब थेंब गळायला लागलं. मग माझ्या स्वभावाप्रमाणे मी ठरवलं, की एवढ्यावर भागेल. उरलेला तुकडा सोडून दिला, हात-तोंड साबणानं धुतलं आणि बाभळीखाली बसून डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती. माणूस किती निर्धास्तपणे जेवू शकतो याची मला अजून लाज वाटते.

डबा बंद करत होतो तोच मावशीचा मुलगा पुन्हा आला, या वेळी बैल सोडून.

"सर, आईचा इळा दिसला का इकडं?"

"नाही. का?"

"मघाशी धुऱ्यावर होती. तुमी हिरीवर गेलते वाटते तवा. बहीन आली ना आमची बाळंतपनाले, लेकरू वीस दिवसांचं झालं. आईचं म्हननं, पाथरी खाल्ली का बाळंतिनीले दूध वाढते. टोपलंभर तोडून नेली. वरून म्हने इळा इथंच इसरला."

"कुठली तोडली?"

"कुठली म्हंजे? धुऱ्यावरची. दरसाल इथूनच नेते थे."

तो विळा शोधायला लागला. मी धुऱ्याकडे पाहिलं. कातरलेली पानं, जमिनीला चिकटलेली चक्रं, आणि एका चक्राच्या मधोमध एक मिटायला आलेलं पिवळं फूल. सगळ्या जिभल्याच. सूर्यफुलासारखी मधली बुटकी फुलं नाहीत. मी वाकलो, पान मोडलं. पांढरा चीक आला. लिहून घ्या.

मी पळत सुटलो. स्कूटर जवळ उभी आहे हे मला अर्ध्या वाटेत आठवलं, पण तोवर परत जाण्यापेक्षा पुढे जाणं जवळ होतं. गाव किलोमीटरभर. रेनकोट फडफडतोय, हेल्मेट डोक्यावर पुन्हा कधी घातलं ते देवाला ठाऊक, आणि मागे दोन कुत्री. पळता पळता माझ्या डोक्यात दोन विचार होते. पहिला, ती पोरगी खाऊन मोकळी तर झाली नसेल? दुसरा, आणि हा लिहिताना माझा मला राग येतो, की कबूल न करता ही पाथरी परत कशी मिळवायची?

मावशीचं घर निळ्या दाराचं. समोरच्या खोलीत टीव्हीच्या वर बुद्धाची मूर्ती, खाली झोळीत बाळ. बाळंतीण भिंतीला टेकून बसलेली. मावशी परातीत भाकरी थापत होती आणि शेजारच्या टोपल्यात हिरवीगार पाथरी. बरीचशी चिरून झालेली.

"माय वो!" बाळंतीण ओरडली. मी हेल्मेट काढलं.

"बाबू?" मावशी म्हणाली. "असा काहून धावत आला? आन् हे काय घातलं अंगावर?"

"मावशी, ती पाथरी मला द्या. सगळी."

"कायले?"

"कॉलेजात नमुना दाखवायचा आहे."

"आज आयतवार हाय."

"उद्यासाठी."

"मंग दोन पानं ने ना. टोपलंभर कायले?"

"पोरं जास्त आहेत."

मावशीनं हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. तिचा समज झाला, की सरांना पाथरी खायची आहे आणि मागायची लाज वाटते.

"येडा हाय का रे? खाची हाय तं तसं सांग ना. बस. पह्यल्यांदा आला घरात, तसा कसा जाशीन?"

मी काही बोलायच्या आत ताट समोर. ज्वारीची गरम भाकर, जवसाची चटणी आणि मधोमध बारीक चिरलेली कच्ची पाथरी, कांदा, तिखट, वरून तेलाची धार.

इथे थोडं मागे जावं लागेल. आमची आणि मावशीची वावरं दोन पिढ्या एकमेकांना लागून आहेत. माझी आई आणि मावशी कापूस वेचताना दुपारी याच धुऱ्यावर शिदोरी सोडायच्या. दोघी समोरासमोर, मध्ये धुरा. आमच्या बाजूची भाकर तिकडे जायची. तिकडची इकडे यायची नाही. माझे वडील मावशीच्या ओट्यावर तासन् तास बसायचे, पिकापाण्याचं बोलायचे, पण चहा आला की त्यांचं वाक्य ठरलेलं, "आत्ताच घेतला." मावशीच्या घरानं दीक्षा घेऊन पिढी उलटली, आमच्या घरात टीव्ही आला, फ्रीज आला, मी वर्गात समतेवर भाषणं ठोकली. 'आत्ताच घेतला' तेवढं जुनंच राहिलं. माझं म्हणाल तर मी कधी नाही म्हटलं नव्हतं. कारण मी कधी त्या दारापर्यंत गेलोच नव्हतो. हा माझा पुरोगामीपणा.

आणि आता ताट समोर असताना माझ्या तोंडून, काय सांगू, कोणत्या पिढीचा आवाज निघाला.

"मावशी, मी आत्ताच जेवलो."

खरं होतं हो. वांग्याची भाजी होती.

मावशीचं हसू गेलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं ताट थोडं आपल्याकडे ओढलं.

"तुहा बाप बी असंच म्हने," ती म्हणाली. "जिंदगीभर त्याचं आत्ताच झालेलं राहे. मले वाटलं, पोरगा शिकला."

"तसं नाही मावशी…"

"असू दे. काई नाही."

"दे मले थे," बाळंतीण म्हणाली, "मले भूक लागली हाय कधीची." तिनं ताट आपल्या मांडीवर घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, त्यात पाथरी धरली.

पुढचं मी ठरवून केलं नाही. ठरवून मी काही केलं की तेही चुकतंच. मी पुढे झेपावलो आणि तिच्या हातातल्या घासाला फटका मारला. घास उडाला, ताट कलंडलं, फरशीवर गोल गोल वाजत चुलीपर्यंत गेलं. झोळीतलं बाळ दचकून रडायला लागलं. आणि नेमका त्याच वेळी मावशीचा मुलगा हातात विळा घेऊन दारात उभा.

त्यानं काय पाहिलं असेल याची आपणच कल्पना करा. आपल्या बाळंतीण बहिणीच्या तोंडचा घास कुणब्याच्या सरांनी उडवला. आपल्या घरात. हेल्मेट काखेत धरून.

"सर," तो म्हणाला.

"विष आहे त्याच्यावर!" मी ओरडलो. "मी फवारलं! तणनाशक! सगळ्या धुऱ्यावर मारलं मी सकाळी! गाजरगवत समजून!"

बाळाचं रडणं वाढलं. मग मावशी उठली, पोरीपाशी गेली, तिचा जबडा धरला आणि बकरीचे दात पाहावेत तसं तोंड उघडून पाहिलं.

"गेलं का पोटात?"

"नाही वो माय. तोंडापोत बी नाही गेलं."

"मघा चिरताना खाल्लं का एखांदं पान?"

"नाही म्हनलं ना."

"चूळ भर तरी. आन् हात धू साबनानं."

तिनं दोनदा चूळ भरायला लावली. स्वतःचे हात घासून धुतले, विळी धुतली, परातीतलं पीठसुद्धा फेकलं. मुलानं टोपलं, ताट, सांडलेला पाला असं सगळं उचललं, परसात खड्डा खणला आणि बकरीला दुसऱ्या खुंट्याला बांधून पाथरी मातीआड केली. मी मदत करायला गेलो तर म्हणाला, "सर, तुमी कायलेच हात लावू नका. तितं उभे राहा." मी तिथे उभा राहिलो. हे काम मला जमतं.

"बाटली कोनती होती?" त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं. त्यानं मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही, पण त्यात माझ्या पदव्यांचा उल्लेख होता.

मावशी मात्र वेगळ्याच मुद्द्यावर आली होती.

"धुरा अर्धा माहा व्हय," ती म्हणाली. "मले इचारलं?"

"नाही."

"गाजरगवत वाटलं तुले?"

"हो."

"तू पोट्ट्याइले झाडं शिकवते ना रे?"

"हो."

तिनं मुलाकडे पाहिलं, मुलानं आढ्याकडे पाहिलं. "ऐक," मावशी म्हणाली. "पोरीसाठी आनलेली पाथरी तू मातीत घातली. आता पाथरी तू आनजो. आज. आन् जाय, भरून आन."

मी गेलो. वावरापर्यंत पायी गेलो, स्कूटर घेतली आणि नाल्याच्या वरच्या अंगाला, कोणी फवारत नाही अशा पडीक जागी शोधत फिरलो. या वेळी मी चुकणार नव्हतो. शास्त्राचा आधार घेणार होतो. पान मोडायचं, चीक पाहायचा. जिथे जिथे जमिनीलगतच्या रोपाला चीक आला ते ते मी पिशवीत भरलं. पिशवी गच्च झाली. परत येऊन अंगणात मोठ्या अभिमानानं ओतली.

मावशी खाली वाकली. एक रोप उचललं, दुसरं उचललं.

"हे काय आनलं?"

"पाथरी. चीक पाहून आणली."

"हे दुधी तन व्हय. हे बी दुधीच. हे काय हाय थे मले बी नाही माहीत." तिनं हात झटकले. "चीक तं रुईले बी येते. रुई काहून नाही आनली?"

पहिल्यांदा बाळंतीण हसली. तोंडावर पदर धरून, टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. मग तिचा भाऊ हसला, तो खांबाला टेकूनच. मावशी शेवटपर्यंत हसली नाही, पण तिनं कोनाड्यातून विळा घेतला आणि म्हणाली, "चाल. काढ तुही फटफटी."

सत्तरीला टेकलेली मावशी माझ्यामागे स्कूटरवर एका अंगानं बसली, हातात विळा. गावानं पाहिलं. तिनं मला तिच्या दिराच्या वावराकडे नेलं. तिथे हरभऱ्याला पाणी दिलेलं होतं आणि धुरा ओला होता. खाली उतरल्यावर तिनं आधी विचारलं, "इथं तं नाही ना मारलं काई?" मग उकिडवी बसली आणि मलाही बसवलं. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा एखाद्या झाडासमोर उकिडवा बसलो. माझे गुडघे वाजले.

"हे पाय. पान कसं हाय? तळहातावानी जमिनीले टेकलेलं. काठ पाय, बारीक पांढरे दात हायेत, पन टोचत नाहीत. गाजरगवताच्या पानाले लव राह्यते, हाताले खरबडं लागते. हे गुळगुळीत. लाव हात."

मी हात लावला.

"फूल मिटलं आता. सकाळी उघडते, ऊन चढलं का मिटते. तुह्यावानी नाही, दिवसभर तोंड उघडं."

तिनं विळ्याचं टोक मातीत न खुपसता पानांचं चक्र वरच्यावर कापलं. मी दुसरं रोप धरून मुळासकट उपटायला गेलो तर माझ्या मनगटावर चापट बसली.

"मूळ राहू देजो! मूळ असलं तं आठ-धा दिवसात पुन्हा पानं येते. तुह्या माईनं नाही शिकवलं तुले?"

मी फळ्यावर 'बहुवर्षायू' हा शब्द लिहायचो, त्याखाली रेघ मारायचो, दोन गुणांना विचारायचो. त्याचा अर्थ 'मूळ राहू देजो' असा होतो, हे मला तिथे चापट खाऊन समजलं. वाऱ्यावर एक सुकलेलं बोंड उलगडलं होतं, त्यातल्या रेशमी म्हाताऱ्या उडून हरभऱ्यावर जात होत्या. मी त्यांच्याबद्दल तोंड उघडणार होतो, मग ते मिटूनच ठेवलं.

घरी परतलो तोवर दिवस कलला होता. मावशीनं पाथरी तीन पाण्यांनी धुतली. नवी भाकर थापली. पहिलं ताट बाळंतिणीला, दुसरं माझ्यासमोर. मी बसलो आणि खाल्लं. पोट भरलेलं होतं, वांग्याची भाजी अजून जागची हलली नव्हती, तरी दोन भाकरी खाल्ल्या. कच्ची पाथरी कडू असते. आधी कडू, मग भाकरीबरोबर थोडी कमी कडू, मग पाणी प्यायलं की उगाच गोड.

"कडू हाय का?"

"नाही."

"खोटं नको बोलू. आज लय बोलला."

रात्री घरी आल्यावर बायकोनं विचारलं, जेवायचं आहे का. मी म्हणालो, आत्ताच जेवलो. मग फोन काढला आणि त्या विद्यार्थिनीला लिहिलं, 'तुझं बरोबर आहे. ती पाथरीच.' लगेच उत्तर आलं, 'हो सर, मला माहीत होतं.'

धुऱ्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. पंधरा दिवसांत तो रस्त्याच्या टोकापासून पिवळा पडत गेला. मावशीच्या मुलानं गावात जाहीर केलं, की सरांच्या धुऱ्याला कावीळ झाली. पाथरीसकट सगळं मेलं आणि धुरा उघडा पडला. मग पावसाळ्यात त्या उघड्या मातीवर काय उगवलं असेल? गाजरगवत. खरंखुरं, अस्सल, कंबरभर. म्हणजे जे तिथे नव्हतं ते मारण्यासाठी मी त्याला सगळी जागा मोकळी करून दिली. ते मी हातानं उपटलं, सगळंच्या सगळं, आणि आठवडाभर अंग खाजवत वर्गात उभा राहिलो. मावशीचा मुलगा धुऱ्याच्या त्याच्या अर्ध्या भागावर बसून पाहायचा. "सर, डावीकडं एक राह्यलं," एवढीच त्याची मदत.

फक्त नाल्याकडच्या टोकाला, जिथे नोझल तुंबलं होतं आणि मी कंटाळलो होतो, तिथे पाथरी जशीच्या तशी राहिली. आणि थंडी आली तशी तिची चक्रं धुऱ्यावरून रस्त्याकडे एक-एक वीत सरकताना दिसायला लागली. माझ्या हातून वाचलेली ही एकच गोष्ट आहे, आणि ती माझ्या आळसानं वाचवली. मावशी तिथून आताही पाथरी तोडते. पण तोडण्याआधी मला फोन करते. मी वर्गात असलो तरी घ्यावा लागतो. "बाबू, आज फवारलं नाही ना?" पुढच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

हे सगळं मी बायकोला सांगितलं नव्हतं. स्कार्फचं विचारलं तेव्हा म्हणालो, उडून गेला. पोहण्याच्या चष्म्याबद्दल मी मुलावर संशय व्यक्त केला. वर्षभर निभावलं.

मग परवा मावशी आणि तिची लेक यवतमाळला आल्या, नातवाला डॉक्टरकडे दाखवायला. आता तो धरून धरून चालतो आणि सगळ्यांच्या ताटात हात घालतो. तिथून त्या आमच्या घरी आल्या. मावशी आमच्या घरात जेवायच्या वेळेला पहिल्यांदाच बसली होती. बायकोनं गरम पोहे केले, वर शेव, लिंबाची फोड. मावशीनं प्लेट हातात घेतली, घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"बाबू," ती म्हणाली, "आत्ताच खाल्लं म्हनू का पह्यले इचारू? ह्याच्यावर काई फवारलं नाही ना?"

तिची लेक नातवाला कडेवर घेऊन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"काय फवारलं?" बायकोनं गॅस बंद करत विचारलं.

मी हवामानाबद्दल काहीतरी बोललो. मावशीनं तो घास खाल्ला, दुसरा घेतला, सोफ्यावर पाय वर घेऊन ऐसपैस बसली आणि म्हणाली, "बस वो बाई. बस इथं. पह्यलेपासून सांगतो तुले."